मते किती आणि जागा किती
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणी एकीने चार शब्द बोलावेत असा आपला प्रघात आहे. गेल्या वर्षी लोणची-मुरंबे टिकविण्यावर बोलणे झाले, त्याच्या आदल्या वर्षी मुलांच्या दातांवर. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी ‘निवडणूक’ म्हणताच त्या जरा बावरल्या. “मंडळात राजकारण नको हं,” म्हणाल्या. मी त्यांना शब्द दिला आहे की मत कोणाला द्यावे याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. मला बोलावयाचे आहे ते दिलेली मते मोजावी कशी, याबद्दल.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. धाकटीचे नागरिकशास्त्राचे पुस्तक, वाचनालयातून आणलेली दोन-तीन जाडी पुस्तके, आणि थोरलीने फोनवर काढून दिलेले आकडे, एवढे माझे भांडवल. हिशेब मात्र मला येतो. वीस वर्षे दुधाचा, वाण्याचा आणि भिशीचा हिशेब ठेवते आहे, आणि आजचा विषय खरे म्हणजे हिशेबाचाच आहे.

आधी घरचे सांगते. आपल्या मंडळाच्या गेल्या निवडणुकीत ९६ जणींनी मते दिली. त्यांतल्या ५८ वरच्या आळीतल्या आणि ३८ टाकीखालच्या वस्तीतल्या. कार्यकारिणीच्या जागा ७. आपला नियम असा की प्रत्येकीने सात नावांपुढे खूण करावी. वरच्या आळीने आपल्या सातजणींपुढे खुणा केल्या, खालच्या वस्तीने आपल्या तिघींपुढे. खालच्या तिघींना ३५ ते ४१ मते पडली. वरच्या सातजणींत जिला सर्वांत कमी पडली, तिला ५२. म्हणजे सातच्या सात जागा वरच्या आळीला. गेल्या तिन्ही निवडणुकांत हेच झाले आहे.

यात कोणी लबाडी केली नाही. पेटी सर्वांसमोर उघडली, चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. पण शंभरातल्या चाळीसजणींना सातांतली एकही जागा नाही, हे काही बरे दिसत नाही. आणि नुसते दिसण्याचाच प्रश्न नाही. शिवणवर्गाची वेळ आपण दुपारी ३ ची ठरविली. खालच्या वस्तीत नळाला पाणी ३ वाजता येते. ठरविणाऱ्या सातजणींत एकीच्याही दारात तो नळ नव्हता, त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नाही. यंत्रे चार आहेत, ती चालतात वरच्या आळीसाठी, आणि वर्गणी मात्र दोन्हीकडून सारखी. गेल्या वर्षात खालच्या अकराजणींनी नावे काढून घेतली. आता तिकडे वेगळे मंडळ काढण्याचे बोलणे चालू आहे, हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे, उघड कोणी बोलत नाही इतकेच.

आता थोडे मंडळाबाहेर जाऊ.

आपल्या देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्या वेळी याद्या करणारे लोक दारोदार गेले, तेव्हा पुष्कळ बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरविले की असे चालणार नाही, प्रत्येक बाईचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लागले पाहिजे. नाव न सांगितल्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची नोंद यादीतून गळली. बहुतेक उत्तरेकडच्या. मला हे वाचून वाईट वाटले, पण निर्णय योग्यच होता असेही वाटले, कारण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या बायका आपले नाव सांगायला शिकल्या.

मत देण्याची रीतही तेव्हा निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर बैलजोडी, झोपडी असे चित्र. मतदाराने कागदावर काही न लिहिता तो आपल्या आवडत्या चित्राच्या पेटीत टाकावयाचा. कागदावर शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या निवडणुकीत आली, आणि यंत्र त्याच्या कितीतरी नंतर. म्हणजे यादी सुधारली, पेटी सुधारली, शिक्का आला, यंत्र आले. पण निकाल ठरविण्याची रीत तीच राहिली: ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला. निम्म्याहून अधिक मिळालीच पाहिजेत असे बंधन नाही.

याने काय होते ते आपल्या सहलीने दाखविले आहे. दोन वर्षांमागे सहलीचे ठिकाण ठरविण्यास ४७ जणी जमल्या होत्या. गणपतीपुळ्याला १८ हात वर झाले, पंढरपूरला १६, तुळजापूरला १३. गणपतीपुळे ठरले. वास्तविक उरलेल्या २९ जणींना घाटाचा रस्ताच नको होता. गाडी लागते, उलट्या होतात, हे त्या आधीपासून सांगत होत्या. पण त्यांची मते पंढरपूर आणि तुळजापूर यांत वाटली गेली आणि १८ जणींचे खरे झाले. घाटात काय झाले ते आठवून आता हसू येते, त्या दिवशी येत नव्हते. तुळजापूरवाल्या तेराजणींना नुसते विचारले असते, ‘तुमचे ठिकाण न झाल्यास दुसरे कोणते?’, तर पंढरपूर सहज पुढे गेले असते. एक प्रश्न जास्त विचारावयाचा, एवढेच काम.

देशाच्या निवडणुकीतही हेच मोठ्या प्रमाणावर होते. मी दोन वेगवेगळ्या पक्षांची उदाहरणे घेते, म्हणजे चिटणीसबाईंना दिलेला शब्द मोडणार नाही. १९८४ साली काँग्रेसला शंभरांतली सुमारे ४९ मते पडली आणि लोकसभेच्या चारशेहून अधिक जागा मिळाल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षाला शंभरांत ३१ मते पडली आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. त्याच २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात शंभरांत ४ हून थोडी अधिक मते होती, म्हणजे कोट्यवधी माणसे, पण जागा एकही नाही. ज्यांची मते गावोगाव थोडी थोडी पसरलेली असतात, त्यांच्या हाती या रीतीत काही पडत नाही.

काही भगिनी म्हणतील, नियम तो नियम, तो का कोणी बदलतो? न्यूझीलंडच्या लोकांनी बदलला. हा तोच देश, ज्याने १८९३ साली, सगळ्या जगाच्या आधी, देशाच्या निवडणुकीत बायकांना मताचा अधिकार दिला. तेथेही आपल्यासारखीच रीत होती. १९७८ साली मजूर पक्षाला शंभरांत ४०.४ मते पडली, नॅशनल पक्षाला ३९.८. पण ९२ जागांपैकी नॅशनलला मिळाल्या ५१ आणि मजूर पक्षाला ४०. जास्त मते ज्याला, तो विरोधात बसला. तिसरा एक सोशल क्रेडिट पक्ष होता, त्याला १६ टक्के मते आणि जागा १. लोक म्हणाले, असेल एखाद्या वेळी. पण १९८१ साली पुन्हा तेच. मजूर पक्ष मतांत किंचित पुढे, जागा ४३. नॅशनल किंचित मागे, जागा ४७. आणि तिसऱ्या पक्षाला वीस टक्क्यांहून अधिक मते असून जागा अवघ्या २.

मग सरकारने एक चौकशी मंडळ नेमले. त्याचा अहवाल १९८६ साली आला. पुढाऱ्यांना बदल नकोच होता, कारण ज्या शिडीने आपण वर चढलो ती कोण काढून टाकील? पण १९९२ साली लोकांना विचारले तेव्हा शंभरांतल्या सुमारे ८५ जणांनी बदल हवा म्हटले. १९९३ साली पुन्हा पक्का कौल घेतला, त्यात ५४ टक्के नव्या रीतीच्या बाजूने पडले. १९९६ पासून तेथे प्रत्येकाला दोन मते असतात: एक आपल्या भागाच्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. पक्षाला एकूण किती जागा मिळावयाच्या ते दुसऱ्या मतावर ठरते. भागातून कमी निवडून आले असतील तर पक्षाच्या यादीतून भरपाई होते. अगदीच चिल्लर पक्ष शिरू नयेत म्हणून पाच टक्के मते, निदान एक भाग तरी जिंकलेला, अशी अट आहे.

आपल्या दृष्टीने यात एक मोठीच गोष्ट आहे. १९९३ साली त्यांच्या लोकसभेत शंभरांत २१ बायका होत्या, नव्या रीतीच्या पहिल्याच निवडणुकीत त्या २९ झाल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात तर निम्म्या झाल्या. एकच तिकीट द्यावयाचे असते तेव्हा पक्ष बाईला देताना दहादा विचार करतो. पण पन्नास नावांची यादी छापावयाची म्हटली की तीत बायका नसल्या तर लोकांना दिसते. आपल्याकडे पंचायतींत आणि नगरपालिकांत राखीव जागांनी हे काम केले, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. तेही चांगलेच झाले. मात्र ‘सरपंचबाईंचे यजमान’ नावाचे एक नवे पदही त्याबरोबर निघाले, ते केव्हा रद्द होते पाहू!

न्यूझीलंडमध्ये सगळे गोड झाले असे नव्हे. १९९६ च्या निवडणुकीनंतर कोणालाच बहुमत नव्हते आणि सरकार बनायला सुमारे दोन महिने लागले. लोक वैतागले. तरी २०११ साली पुन्हा विचारले तेव्हा शंभरांतल्या ५८ जणांनी नवी रीतच ठेवा म्हणून सांगितले.

आपल्या घटनाकारांनी या गोष्टींचा विचार केलाच नव्हता असे कोणी समजू नये. १९४९ च्या जानेवारीत घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी सूचना आणली होती की लोकसभेची निवडणूक मतांच्या प्रमाणात जागा देणारी असावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांनी दोन कारणे दिली. एक म्हणजे सरकार स्थिर पाहिजे, अनेक तुकड्यांचे नको. दुसरे, या पद्धतीला मतदार निदान आकडे ओळखणारा आणि ते कागदावर मांडता येणारा पाहिजे, आणि आपल्या देशात तेव्हा बहुतेक लोक निरक्षर होते. ही दोन्ही कारणे त्या वेळी खरी होती. पहिल्यात आजही तथ्य आहे. दुसऱ्याचे काय, ते तुम्हीच ठरवा. आपल्या मंडळातल्या अगदी वयस्कर आजींनासुद्धा फोनवर नातवाचा नंबर लावता येतो.

आणि जेथे मतदार साक्षर असणार हे ठाऊक होते, तेथे आपल्या घटनेनेच ही पसंतीची रीत घालून दिली आहे. राष्ट्रपती, राज्यसभा, आपली विधान परिषद, सगळीकडे १, २, ३ असे आकडे घालावयाचे. ज्यांच्या घरात पदवीधर मतदारसंघाचे मत आहे त्यांनी ते पाहिले असेल. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत श्री. गिरी यांना पहिल्या मोजणीत पुरेशी मते नव्हती, दुसऱ्या पसंतीची मते मिळविल्यावर ते निवडून आले. २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या ६ जागांना ७ उमेदवार होते, तेव्हा सहाव्या जागेवर पहिल्या पसंतीत मागे असलेले उमेदवार दुसऱ्या पसंतीने पुढे गेले. आमदारांनी आपल्यासाठी ही रीत ठेवली आहे, मग ती अवघड कशी म्हणावी?

देशासाठी काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. विधि आयोगाने १९९९ साली सुचविले होते की लोकसभेच्या आहेत त्या जागा तशाच ठेवून वर काही जास्तीच्या जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात द्याव्यात. मला ते पटते, कारण आपल्या भागाचा म्हणून एक माणूस असावा, पाणी आले नाही तर कोणाच्या दारी जावे हे कळावे, असे मला वाटते. पण ते मोठ्यांचे काम. मंडळाचे काम आपले.

आता मंडळात ही रीत कशी चालेल ते सांगते. जरा लक्ष द्यावे, कारण आकडे आहेत.

प्रत्येकीला एकच चिठ्ठी. तिच्यावर उमेदवारांची नावे. आपल्याला सर्वांत पसंत असेल तिच्यापुढे १, तिच्यानंतर २, मग ३, जितक्या घालाव्याशा वाटतील तितक्या. मते ९६ आणि जागा ७. ९६ ला ८ ने भागावे, येतात १२, त्यांत १ मिळवावा, झाले १३. हा निवडून येण्याचा आकडा. आठने का, असे खजिनदारबाईंनी मला विचारले होते. सातजणींना तेरा-तेरा दिल्यावर ९१ होतात, उरतात ५, म्हणजे आठवी कोणी १३ पर्यंत पोहोचूच शकत नाही. म्हणून १३.

पहिल्या पसंतीने जिला १३ झाल्या ती आली. कोणाला १९ पडल्या तर ६ जास्तीच्या. त्या वाया घालवू नयेत. तिच्या एकोणीस चिठ्ठ्या नीट मिसळून सहा काढाव्यात आणि त्यांवर जिच्यापुढे २ असेल तिच्या गठ्ठ्यात ठेवाव्यात. राज्यसभेत हा भाग अपूर्णांकांनी फार बारकाईने करतात, आपल्याला चिठ्ठी काढणे पुरे. कोणालाच १३ होत नसतील तर सर्वांत कमी मतांच्या उमेदवाराला बाजूला करावे आणि तिच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीप्रमाणे वाटाव्यात. असे सात भरेपर्यंत. मी चार शेजारणींना बोलावून माजघरात सतरंजीवर ९६ चिठ्ठ्या मांडून पाहिले. पाऊण तास लागला, त्यात चहाही झाला.

सगळ्यांनी आपापल्या आळीलाच मते दिली असे धरले, तर ५८ मतांत चार वेळा १३ बसतात आणि ६ उरतात. ३८ मतांत दोनदा बसतात आणि १२ उरतात. सातवी जागा ६ ची की १२ ची? १२ ची. म्हणजे वरच्या आळीला चार, खालच्या वस्तीला तीन. बहुमत वरच्या आळीचेच राहते. फक्त बैठकीत नळाची वेळ सांगणारे कोणीतरी असेल.

मी वरच्या आळीची आहे, आणि गेल्या खेपेला ५२ मते घेऊन सातवी आलेली उमेदवार मीच. तेव्हा या हिशेबात कोणाची खुर्ची जाते ते मला चांगले समजते.

हे मी दोन-चारजणींजवळ बोलले तेव्हा एक सूचना निघाली, की एवढी उठाठेव कशाला, खालच्या वस्तीसाठी दोन जागा राखीव ठेवू या. सूचना चांगल्या मनाने केली होती. पण मत सगळ्या ९६ जणींचे असणार. मग खालच्या वस्तीतली कोणती बाई यावी हे वरच्या ५८ जणी ठरविणार, आणि आपल्याला ‘हो’ म्हणणारीच निवडणार. हा प्रश्न जुना आहे. १९३२ च्या पुणे करारात दलितांना राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त, आणि तेथे ही काळजी होतीच. पुढे १९३७ च्या निवडणुकीत आपल्या मुंबई इलाख्यात जास्त जागांच्या मतदारसंघात असा नियम होता की जितक्या जागा तितकी मते, आणि वाटल्यास ती सगळी एकाच उमेदवाराला द्यावीत. म्हणजे थोड्या लोकांना एकवटून आपला माणूस आणता येत असे. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार त्या निवडणुकीत आले. तो नियमही आपल्याला चालण्यासारखा आहे, पण त्यात कोणाला किती मते द्यावयाची याची आधी जुळवाजुळव करावी लागते. आपल्या मंडळात तेवढी गुपिते टिकत नाहीत! पसंतीच्या रीतीत तसे काही लागत नाही, मनात असेल तो क्रम लिहावा.

दुसरा आक्षेप असा आला की याने आळ्या-आळ्यांत फूट पडेल. मला उलट वाटते. आजच्या रीतीत वरच्या उमेदवाराला खाली जाण्याचे कारणच नाही. नव्या रीतीत तिला दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीसाठी खालच्या दारातही जावे लागेल, आणि खालच्या उमेदवाराला वर यावे लागेल. आयर्लंडमध्ये १९२२ पासून ही रीत आहे. ती काढून टाकावी म्हणून तेथील सरकारने १९५९ आणि १९६८ अशी दोनदा लोकांची मते घेतली, दोन्ही वेळा लोकांनी ‘नको’ म्हटले.

अगदी निर्दोष रीत कोणतीच नाही. केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५१ साली गणिताने दाखविले आहे की तीन किंवा अधिक जणांत पसंती लावताना सगळ्या वाजवी अटी एकदम पाळणारी रीत मिळणारच नाही. ते गणित मला कळले नाही, आणि कळण्याची जरुरीही वाटली नाही. कपडा बेतताना कोठेतरी चिंधी निघतेच. ती किती निघते आणि नेहमी एकाच बाजूची निघते काय, एवढे आपण पाहावे.

नियम बदलण्यास वार्षिक सभेत दोन-तृतीयांश मते लागतात, म्हणजे सर्व हजर राहिल्यास ६४. खालच्या ३८ आणि वरच्या निदान २६ जणी हव्यात. आपली वार्षिक सभा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आहे, आणि ती दुपारी ३ ऐवजी ५ ला ठेवावी अशी अध्यक्षबाईंना माझी वेगळी विनंती आहे. ठराव मी लिहून चिटणीसबाईंकडे दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून खालच्या वस्तीतल्या एका भगिनीने आजच चहाच्या वेळी सही करण्याचे कबूल केले आहे, पेन माझ्याजवळ आहे.